जंतूला पाय नसतात

बालवर्गातल्या चार ते सहा वर्षांच्या मुलांना जंतूंबद्दल शिकवायचं ठरलं, तेव्हा सुरुवातीला मी काहीच सांगितलं नाही. कोरे कागद वाटले आणि म्हटलं, "जंतू कसा दिसतो ते काढा." बहुतेक कागदांवर शिंगं, सुळे आणि रागाने चढलेल्या भुवया आल्या. एकाच्या जंतूकडे तलवारही होती. सगळे जाहिरातींतले जंतू, मुलांनी अगदी हुबेहूब उचललेले. मग दुसरा प्रश्न विचारला, माणूस आजारी का पडतो? "पावसात भिजलं की." "आईचं ऐकलं नाही की." आणि एक मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी बाळाला ढकललं होतं ना, म्हणून मला ताप आला."

पुढे काय करायचं ते या शेवटच्या उत्तराने ठरवलं. आजार ही आपल्या चुकीची शिक्षा आहे, असं या वयाच्या मुलांना मनापासून वाटतं. चुकीचं वागलं की शिक्षा आपोआप होतेच, ही लहान मुलांची समजूत स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३०च्या दशकातच नोंदवून ठेवली होती. आणि आपण मोठी माणसं "हात धुतले नव्हतेस ना, बघ आता दुखलं पोट" असं म्हणत तिला खतपाणीच घालतो. मनात एकीकडे राक्षस आणि दुसरीकडे शिक्षा असलेलं मूल घाबरतं, हातही धुतं, पण कोणी बघत असेल तोवरच. जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचतो कसा, हे त्याला कुठे माहीत असतं? मला ती वाट शिकवायची होती, बाकी सगळं नंतर.

म्हणून दुसऱ्या दिवशी गोलात बसल्यावर एवढंच सांगितलं, "जंतूला पाय नसतात. पंखही नसतात. मग तो एकाच्या नाकातून दुसऱ्याच्या नाकात जातो कसा?" (काही जिवाणूंना शेपटीसारखा धागा असतो आणि ते पाण्यात पोहतात, पण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालत जाणं कुठल्याच जंतूला जमत नाही.) बराच गलका झाला. उडी मारून, वाऱ्याने, मुंगीच्या पाठीवर बसून. शेवटी कोणीतरी ओरडलं, "आपणच नेतो!" ते उत्तर मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. वाचता येत नव्हतं तरी सगळ्यांना ते आपलं वाटत होतं. पुढचे कित्येक आठवडे आमचं सगळं शिकणं "त्याला कोणी नेलं?" या एकाच प्रश्नाभोवती चाललं.

जंतू किती लहान असतो, यात मी फार वेळ घातला नाही. जिवाणू साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो आणि विषाणू त्याहूनही कितीतरी लहान, पण पाच वर्षांच्या मुलाला हजारावा भाग म्हणजे काय कळणार! "डोळ्यांना दिसत नाही, पण असतो, आणि वाढतो" एवढं त्याला पुरतं. वाढतो म्हणजे काय, हे मात्र मण्यांनी दाखवलं. एक मणी ठेवला, टाळी वाजवली की दोन, पुन्हा टाळी वाजवली की चार, मग आठ. टाळ्या फार झाल्या नव्हत्या तोच मण्यांचा डबा संपला. काही जिवाणूंना चांगली ऊब आणि खायला मिळालं तर ते वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने सात तासांत एकाचे वीस लाखांच्या वर जातात. आकडा पालकांसाठी होता, मुलांना रिकामा डबा पुरला.

मग स्पर्शाची वाट. यासाठी रंगीत खडूची पूड घेतली. चमकी वापरावी असं बरेच जण सुचवतात, पण ती डोळ्यांत गेली तर त्रास होतो आणि सांडली की जाता जात नाही. निळी पूड मी एकाच मुलाच्या उजव्या तळहाताला लावली आणि वर्गात नेहमीसारखा खेळ चालू ठेवला. कोणाला काही वेगळं करायला सांगितलं नाही. अर्ध्या तासाने सगळ्यांना थांबवलं आणि निळा रंग शोधायला लावला. दाराच्या कडीवर होता, लाल ठोकळ्यांवर होता, पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर होता. ज्या मुलीने त्या मुलाला हातही लावला नव्हता, तिच्या फ्रॉकवर निळी बोटं उमटली होती. ती हैराण झाली. "मी तर त्याच्याशी खेळलेच नाही!" मग सगळ्यांनी मिळून माग काढला. तो ठोकळ्याशी खेळला, ठोकळा दुसऱ्याने घेतला, दुसऱ्याने हिच्या फ्रॉकला धरून गाडी-गाडी केली. पाच वर्षांची मुलं गुप्तहेरांच्या उत्साहाने हा साखळीचा एकेक दुवा सांगत होती. माझ्या कुठल्याही बोलण्याने हे साधलं नसतं.

सगळ्यात महत्त्वाचा निळा डाग अगदी शेवटी सापडला. पूड लावलेल्या मुलाच्याच उजव्या नाकपुडीच्या कडेला एक छोटा ठिपका आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक पुसट रेघ. "तू नाकाला हात लावलास का रे?" तो ठाम, "नाही, नाही लावला." खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच आठवत नव्हतं. मोठ्यांचंही तसंच असतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्गात बसलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा ते तासाला सरासरी २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होते. आरसा आणून मी त्या मुलाला ठिपका दाखवला आणि तिथूनच पुढचा धडा सुरू झाला. हातावरच्या धडधाकट कातडीतून सर्दीचा जंतू आत शिरत नाही. त्याला आत यायला तीन दारं आहेत, डोळे, नाक आणि तोंड. हात त्याला दारापर्यंत सोडतो. "दाराशी हात नको" हे वाक्य मुलांनी स्वतःच बनवलं आणि एकमेकांना सांगायला लागली.

इथे एक काळजी मी प्रत्येक वेळी घेते. खेळ संपल्यावर मुद्दाम म्हणते, "हे जंतू नव्हेत, ही खडूची पूड आहे. जंतू असते तर ते असेच गेले असते." अतिनील टॉर्चखाली चमकणारी जेलही मिळते आणि ती परिणामकारक असते, पण अंधारात हात चमकताना दिसले की मुलांना ती चमक म्हणजेच जंतू वाटतात. मग चमक नाही म्हणजे जंतू नाहीत, असा उलटा अर्थही लागतो. शिवाय तो टॉर्च मुलांच्या डोळ्यांसमोर येऊ न देण्याची कसरत करावी लागते. मला खडूच बरा वाटतो.

हात धुण्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. त्याला कारण आहे. हात धुवायला सांगणं सोपं, पण या वयाचं मूल नळाखाली तळहात धरतं, थोडं पाणी उडवतं आणि झालं म्हणतं. म्हणून पूड तेलात कालवून हातांना लावली. आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगितलं. पाणी तेलावरून ओघळून गेलं आणि रंग जिथल्या तिथे. मग साबण. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं तेलकटपणाला. त्यामुळे चोळलं की मळ सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. फ्लूच्या किंवा करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, तेही साबणाने फुटतं. मुलांना मी एवढंच सांगितलं, "साबण सोडवतो, चोळणं ढकलतं, पाणी घेऊन जातं." तिन्ही कामं लागतात. यातलं एक जरी राहिलं तरी रंग हातावर राहतो, हे त्यांना समोर दिसत होतं.

एका मुलीचे हात मी अगदी जवळून बघत होते. तळहात स्वच्छ, मागची बाजूही बऱ्यापैकी. पण दोन्ही अंगठे बुडापासून टोकापर्यंत निळे, नखांच्या कडांना निळी किनार आणि बोटांच्या बेचक्यांत बारीक रेघा. तिला वाटत होतं झाले धुऊन. रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या हात धुण्याच्या जुन्या अभ्यासातही अंगठे आणि बोटांची टोकंच सगळ्यात जास्त सुटलेली आढळली होती. मग आम्ही अंगठ्याची वेगळी कृती बसवली. एका मुठीत दुसऱ्या हाताचा अंगठा धरायचा आणि फिरवायचा. तिने ते केलं, अंगठा वर धरून पाहिला, पुन्हा फिरवला, आणि रंग गेल्यावर शेजारच्याचे अंगठे तपासायला निघाली. त्या दिवसापासून आमच्या वर्गात "अंगठे दाखव" हीच तपासणी. अंगठे स्वच्छ असतील तर बाकीचा हात बहुतेक धुतलेलाच असतो.

साबण लावून वीस सेकंद चोळायचं, असा सर्वसाधारण नियम आहे. या मुलांना सेकंद कळत नाहीत आणि आकडे मोजायला सांगितले तर ती भराभर वीसवर पोचतात. म्हणून सहा कृतींचा क्रमच ठरवला: तळहात, मागची बाजू, बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. क्रम पुरा झाला की वेळ आपोआप भरते. पाणी गरम असण्याची गरज नाही, गार पाण्यानेही हात तितकेच स्वच्छ होतात. कोरडे करणं मात्र टाळू नये, कारण ओल्या हाताला जंतू सहज चिकटतात आणि ओल्या हातावरून ते सहज दुसरीकडे जातात. प्रत्येकाचा वेगळा लहान पंचा ठेवला तेव्हा कुठे हे जमलं.

पाण्यावर मिरपूड पसरायची आणि साबणाचं बोट बुडवलं की ती कडेला पळते, हा प्रयोग पुष्कळ ठिकाणी दाखवला जातो. मी तो घेत नाही. दिसायला जादूसारखा आहे, मुलं टाळ्या वाजवतात, पण शिकतात चुकीचं. मिरपूड पळते ती साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी केल्यामुळे. जंतू साबणाला घाबरून पळत नाहीत. बोट बुडवलं की काम झालं, चोळायचं कारणच नाही, हाच निष्कर्ष मूल त्यातून काढतं. जे मला शिकवायचंय त्याच्या बरोबर उलटं.

हवेतली वाट शिकवणं अवघड गेलं. फवाऱ्याच्या बाटलीत लाल पाणी भरलं, भिंतीवर मोठा पांढरा कागद लावला आणि "ही शिंक" म्हणून फवारा मारला. कागदावर मोठे थेंब आणि भोवती बारीक शिंतोडे उमटले. मग बाटलीच्या तोंडाशी कापडाची बाही धरून पुन्हा मारला. कागद जवळजवळ कोरा, बाही लाल. कोपरात शिंकायचं ते यासाठी. तळहातात शिंकलं तर तोच हात ठोकळ्याकडे जातो, ही स्पर्शाच्या वाटेशी असलेली जोड मुलांनी न सांगता लावली, तेव्हा मला फार आनंद झाला.

पण फवारा अर्धीच गोष्ट सांगतो. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात हे खरं, पण खोकल्यातून, बोलण्यातूनही जे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात ते हवेत बराच वेळ तरंगतात. गोवराचा विषाणू तर आजारी माणूस खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. हे दाखवायला फवारा उपयोगाचा नाही. सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली, तेव्हा मी बाकीच्या खिडक्या झाकल्या आणि मुलांना त्या तिरिपेकडे बघत बसवलं. धुळीचे कण चमकत होते, वर जात होते, फिरत होते, खाली यायचं नाव नाही. मग समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या. वाऱ्याबरोबर कणांची हालचाल बदलली, ते वाहून जायला लागले. एका मुलाने लगेच तोंड दाबून धरलं. "मग श्वास घ्यायचा नाही?" घ्यायचाच, असं मी त्याला जवळ घेऊन सांगितलं. आपलं नाक बरंच काही अडवतं, शरीर उरलेल्याशी लढतं, आणि आपण खिडकी उघडतो. त्या दिवसापासून सकाळी खिडक्या उघडण्याची जबाबदारी मुलांनी आपल्याकडे घेतली.

पावाचा प्रयोगही केला, पालकांच्या आग्रहाने. एक तुकडा चिमट्याने सरळ पिशवीत, एक सगळ्यांनी न धुतलेल्या हातांनी हाताळून, एक धुतलेल्या हातांनी. प्रत्येकावर पाण्याचे दोन थेंब आणि पिशव्या घट्ट बंद. न धुतलेल्या हातांच्या तुकड्यावर बुरशी आली खरी, पण धुतलेल्या हातांच्या तुकड्यावरही एका कोपऱ्यात हिरवा ठिपका उगवला. "म्हणजे साबण खोटा?" असा प्रश्न आलाच. खोटा नव्हे. बुरशीची बीजं हवेतही असतात आणि पिशवी बंद करण्याआधी ती तिथून पडली असणार. शिवाय पावावरची बुरशी म्हणजे आपल्याला सर्दी देणारा जंतू नव्हे. दिसत नसलेलं काहीतरी पावावर पडलं आणि वाढलं, इतकंच या प्रयोगातून सांगता येतं आणि तेवढंच सांगावं. पिशवी मात्र कधीही उघडू नये, तशीच बंद कचऱ्यात टाकावी, कारण बुरशीची बीजं श्वासातून गेली तर दमा असलेल्या मुलांना त्रास होऊ शकतो.

हे सगळं चालू असताना वर्गातल्या एका मुलीला कांजिण्या झाल्या. सगळ्या फोडांवर खपल्या धरल्यानंतरच ती परत आली, म्हणजे तिच्यापासून कोणाला धोका उरला नव्हता. तरीही तिच्या शेजारची दोन मुलं सरकून बसली. "हिच्याकडे जंतू आहेत." ती काही बोलली नाही, बाहीखाली खपल्या झाकत राहिली. मला वाटतं, जंतूंबद्दल शिकवताना खरी कसोटी इथे असते. वाट अर्धवट शिकवली तर मुलं माणसालाच जंतू समजतात.

मी तिला माझ्याजवळ बसवलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, "तिच्यापर्यंत त्याला कोणी नेलं?" मुलं गप्प. कांजिण्यांचा जंतू अंगात शिरला की १० ते २१ दिवस काहीच दिसत नाही आणि पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणजे ज्याने तो तिच्यापर्यंत आणला त्यालाही ते माहीत नव्हतं. निळ्या पुडीचा दिवस आठवून बघा म्हटलं, त्या दिवशी पूड लावलेल्याने काही वाईट केलं होतं का? "नाही, तो तर खेळत होता." मग ज्याला बाळाला ढकलल्यामुळे ताप आला असं वाटायचं, तो मुलगा म्हणाला, "मला पण तसाच आला असेल. बाळाला ढकललं म्हणून नाही." मी फक्त हो म्हटलं. मधल्या सुट्टीत त्या मुलीच्या शेजारी पुन्हा गर्दी होती.

भीतीची दुसरी बाजूही दिसली. एक मुलगा घरी इतक्या वेळा हात धुवायला लागला की कातडी कोरडी पडून भेगा पडल्या. त्याच्या आईशी बोलून आम्ही धुण्याच्या वेळा ठरवल्या: खाण्याआधी, शौचानंतर, नाक शिंकरल्यावर, बाहेरून आल्यावर. त्याशिवाय धुवायची गरज नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. आपल्या शरीरात जितक्या पेशी आहेत, साधारण तितकेच जिवाणू आपल्याबरोबर राहतात आणि त्यांतले पुष्कळ अन्न पचवायला मदत करतात, हे त्याला सांगितल्यावर त्याने पोटावर हात ठेवून विचारलं, "ते आत्ता काय करतायत?" त्या प्रश्नात भीती नव्हती, कुतूहल होतं.

मोठ्या गटाला मी इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतिणी तापाने दगावत होत्या, आणि ज्या कक्षात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर बाळंतपणं करत तिथे जास्त. सेमेलवाइस यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनपर्यंत २ टक्क्यांच्या आसपास आलं. तरी बऱ्याच डॉक्टरांनी त्यांचं म्हणणं मानलं नाही. जंतूंमुळे आजार होतात, हे पाश्चर आणि कॉख यांनी पुढच्या दशकांत दाखवून दिलं. मुलांना मृत्यूचे आकडे सांगितले नाहीत, "आया खूप आजारी पडायच्या" एवढंच. त्यांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. "डॉक्टरांना माहीत नव्हतं?" नव्हतं, म्हटलं. एकाने निळ्या पुडीसारखा माग काढला आणि मग कळलं.

पालकांचा ठरलेला प्रश्न म्हणजे सॅनिटायझर पुरेल का. पाणी नसेल तिथे, किमान ६० टक्के अल्कोहोल असलेला आणि मोठ्यांच्या देखत वापरला तर चालतो. मळलेल्या हातांवर त्याचा फारसा उपयोग नाही आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो साबणाइतका चालत नाही. त्यांना मी दुसरंच काहीतरी करायला सांगते. घरातल्या बेसिनसमोर मुलाच्या उंचीवर गुडघे टेकून बसा आणि नळाला, साबणाला, पंचाला हात पोचतो का बघा. आमच्या वर्गात पायाखाली पाट ठेवला, साबण खाली आणला आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण काढून टाकलं, तेव्हापासून हात धुवायची आठवण करून देण्याची वेळ फारच कमी वेळा येते. शौचालयाच्या फ्लशचं बटण अजून मुलांच्या डोक्याच्या वर आहे. तिथे त्यांना मदत लागते आणि मदत करणाऱ्यानेही नंतर त्यांच्या शेजारी उभं राहून हात धुवायचे, असं आम्ही ठरवलंय. अंगठे तपासायला मुलं असतातच.